घटस्फोट, फॅमिली कोर्ट आणि मुलाचा ताबा: पाच वर्षांनंतर मूल बापाकडे जातं का?

रानजाई
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. आयडी नवा का घेतला ते वाचल्यावर कळेलच.

नवऱ्याने पुण्यात घटस्फोटाचा अर्ज टाकलाय आणि सोबत मुलाचा ताबा मागणारा अर्जही आहे. मी मुलाला घेऊन नाशिकला माहेरी आहे, दीडेक वर्ष झालं. मुलगा साडेसहा वर्षांचा, पहिलीत. मी बँकेत नोकरी करते, आई-बाबा घरी असतात, त्याची शाळा, डबा, अभ्यास सगळं नीट चाललंय. नवऱ्याबद्दल इथे वाईट लिहायचं नाहीये, मारहाण वगैरे काही नव्हतं, आमचं पटलं नाही आणि ते बोलून सुटण्याच्या पलीकडे गेलं.

समन्स आल्यापासून घरात जो तो कायदा सांगतोय. मामा म्हणतात पाच वर्षं पूर्ण झाली की मूल बापाचं, आता काही उपयोग नाही. वहिनीच्या ओळखीचे एक वकील म्हणाले पोटगीचा आदेश होईपर्यंत बापाला भेटूच देऊ नका, आपल्या हातात तेवढंच आहे. हे ऐकल्यापासून मला चैन नाही, कारण पोरगा रोज विचारतो बाबा कधी येणार म्हणून. त्यात नवऱ्याचा निरोप आलाय की म्युच्युअल (दोघांच्या संमतीने घटस्फोट) करून टाकू, ताबा तुझ्याकडे राहू दे, मला भेटायला मिळालं पाहिजे, बाकी नंतर बघू. या "बाकी नंतर बघू" वर सही करावी का? आणि मुलाला कोर्टात न्यावं लागतं का, जज त्याला काय विचारतात? ज्यांनी हे स्वतः पाहिलंय त्यांनी प्लीज लिहा.

सह्यकडा
ताई, काळजी घ्या. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते उगाच नाही. दोघांनी एकदा कुणा वडीलधाऱ्याला मध्ये घेऊन बसा.

माईंची_लेक
सह्यकडा, समन्स घरी आलंय हो तिच्या. पायरी चढायची की नाही हा प्रश्न आता उरलाच नाही. तारखेला हजर राहिलं नाही तर एकतर्फी आदेश होतो, माझ्या बहिणीच्या बाबतीत होता होता राहिला.

काळाकोट
मी पुण्यात फॅमिली मॅटर्स करते. कागद बघितल्याशिवाय कुणी ठाम सल्ला देऊ नये, पण काही गोष्टी सगळ्यांनाच लागू आहेत त्या सांगते.

मामांना सांगा, असं कलम कुठेच नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६, त्याच्या कलम ६ मध्ये इतकंच आहे की पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असावा. यातून पाचनंतर बापाकडे जावा असा अर्थ लोकांनी आपला आपणच काढला. त्याच कायद्याचं कलम १३ कुणी वाचत नाही, तिथे स्पष्ट लिहिलंय की मुलाचं हित सगळ्यात वर. पाच काय, सात काय, बारा काय, कोर्ट बघतं ते हेच की मूल सध्या कुठे रुळलंय, शाळा कुठे आहे, सांभाळायला घरात कोण आहे, आणि दुसऱ्या पालकाशी त्याचं नातं टिकू देणारं कोण आहे. हा शेवटचा मुद्दा नीट लक्षात ठेवा, कारण मुलाला भेटू न देणाऱ्याच्या अंगाशी येतो तो हाच.

म्हणूनच त्या वकिलांचा सल्ला मला अजिबात पटलेला नाही. पोटगी आणि भेट या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. त्याने पैसे दिले नाहीत म्हणून भेट बंद करता येत नाही, आणि भेट मिळत नाही म्हणून त्यालाही पैसे थांबवता येत नाहीत. तुम्ही आत्ता, कुठलाही आदेश नसताना, आपणहून भेटी सुरू ठेवल्यात तर पुढे ताब्याच्या वेळी ते तुमच्याच बाजूने बोलेल.

मुलाच्या खर्चासाठी हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली अंतरिम अर्ज लगेच टाका. शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असं कायद्यात आहे, प्रत्यक्षात जास्त लागतात, पण टाकलेला बरा, कारण २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालानंतर पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात. ती केस आपल्या नागपूरचीच. त्याच निकालाने दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता, कर्ज यांचं शपथपत्र द्यावं लागतं. तुमचंही लागेल, पगाराच्या स्लिपा आणि बँक स्टेटमेंट आत्ताच काढून ठेवा.

आणि केस पुण्यात का? ताब्याचा अर्ज १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली असेल तर मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या कोर्टाचं क्षेत्र लागतं, म्हणजे नाशिक. घटस्फोटाच्या अर्जातच असेल तर पुण्यात चालू शकतो, पण लहान मूल आणि नोकरी सांभाळून खेपा जमत नाहीत या कारणावर केस नाशिकला वर्ग करा असा अर्ज हायकोर्टात करता येतो. असे अर्ज बऱ्याचदा मंजूर होतात. वकिलांशी आधी यावर बोला.

फुरसुंगीकर
मॅडमनी सगळं छान सांगितलं पण कायदा कागदावर आहे. प्रत्यक्षात बापाला काय मिळतं? महिन्यातून दोन शनिवार, तेही कोर्टाच्या आवारात. माझ्या चुलत भावाला अॅक्सेसची ऑर्डर होती. दर वेळी मूल आजारी, नाहीतर परीक्षा, नाहीतर पाहुणे. पोलिसांकडे गेला तर म्हणाले फॅमिली मॅटर आहे, कोर्टात जा. कोर्टात गेला तर पुढची तारीख. एवढं होईपर्यंत पोर त्याला ओळखेनासं झालं. सरळ ५०-५० कस्टडी कायद्यात आणा, विषय संपतो.

चहाटळ
५०-५० म्हणजे एक आठवडा नाशिक, एक आठवडा पुणे? पहिलीतल्या पोराची शाळा मग सिन्नरला घालायची का :)

फुरसुंगीकर
हसण्यावारी नेऊ नका. एकाच शहरात राहणाऱ्यांना काय अडचण आहे?

काळाकोट
फुरसुंगीकर, तुमचा मुद्दा चुकीचा नाही. लॉ कमिशनने २०१५ च्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केलेलीच आहे. ती कायद्यात उतरली नाही, पण दोघांची तयारी असेल तर कोर्ट तसा आदेश करतं, काही जोडप्यांचं मी तसं करून दिलंय. अट एकच, दोघांची घरं शाळेपासून जवळ हवीत आणि दोघांना एकमेकांशी निदान मुलाच्या तापाबद्दल तरी बोलता यायला हवं.

ऑर्डर मोडली जात असेल तर गप्प बसून तारखा मोजू नका. प्रत्येक चुकलेल्या भेटीची लेखी नोंद ठेवा आणि त्याच कोर्टात अर्ज करा. बुडालेल्या भेटींच्या बदल्यात जादा दिवस मागता येतात, दरखास्त (आदेशाची अंमलबजावणी करून घ्यायचा अर्ज) टाकता येते, आणि सतत आडकाठी असेल तर ताबाच बदलून मागता येतो. ताब्याचा आदेश कधीच कायमचा नसतो, परिस्थिती बदलली की तो बदलू शकतो, सुप्रीम कोर्ट हे १९७३ पासून सांगत आलंय.

शनिवारचा_बाबा
मी त्या बापांपैकी एक आहे म्हणून लिहितो. मुलगी तिच्या आईकडे असते. सुरुवातीला भेट कोर्टातल्या मुलांच्या खोलीतच होती. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो, भिंतीवर कार्टून, खाली सतरंजी, एका कोपऱ्यात चाक मोडलेली सायकल, ठोकळ्यांचा डबा ज्यात लाल ठोकळे जास्त आणि बाकीचे कमी, आणि दाराशी टेबलावर रजिस्टर, त्यात आल्याची वेळ, गेल्याची वेळ आणि सही. एका वेळी चार-पाच बाप, एखाद-दुसरी आई, प्रत्येकाचं मूल आपापल्या चटईच्या तुकड्यावर. एकमेकांशी कुणी बोलत नाही पण डब्यातला खाऊ मात्र सगळ्या पोरांत वाटला जातो. मी थालीपीठ न्यायचो. माझी लेक पहिली पंधरा मिनिटं दाराकडे बघायची, आई गेली नाही ना म्हणून, मग हळूहळू ठोकळ्यांवर यायची आणि खेळ रंगात आला की वेळ संपायची.

रानजाई ताई, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, तुमच्या नवऱ्याला ही खोली बघायची वेळ आणू नका. बाहेर, बागेत, घरी, कुठेही भेटू दे. मूल घरच्या कपड्यांत घरच्यासारखं बापाला भेटलं पाहिजे.

आणि फुरसुंगीकर, तुमच्या भावाबद्दल वाईट वाटतं, पण सगळ्या आया तशा नसतात हो. माझी बायको (आता माजी) भांडायची माझ्याशी, पण लेकीला कधी माझ्याविरुद्ध काही बोलली नाही. म्हणून आज लेक शनिवारी माझ्या घरी राहते, वेगळी ऑर्डर मागायची वेळही आली नाही, कन्सेंट टर्म्समध्येच (दोघांनी मान्य करून कोर्टात दिलेल्या अटी) टप्प्याटप्प्याने लिहून घेतलं होतं. आधी दोन तास, मग दिवसभर, मग रात्रीचा मुक्काम.

रानजाई
@शनिवारचा_बाबा, वाचून डोळ्यात पाणी आलं. या रविवारी मी त्याला नाशिकला बोलावलंय. आईचा विरोध आहे, पण बोलावलंय.

मांडवीकाठ
गोव्याहून लिहितोय. आमच्याकडे कुटुंब कायदा वेगळा, पोर्तुगीज काळापासूनचा, तरी ताब्याच्या बाबतीत शेवटी प्रश्न मुलाच्या भल्याचाच येतो. २०१५ चा रॉक्सॅन शर्मा निकाल गोव्यातल्याच केसमधला. दीड-दोन वर्षांचं मूल बापाने नेलं होतं, सुप्रीम कोर्टाने आईला परत दिलं आणि सांगितलं की इतक्या लहान मुलाच्या बाबतीत आई लायक नाही हे बापाने सिद्ध करायचं, आईने नव्हे.

दादरकर_७२
अहो पण हल्लीच्या मुलींना थोडंही सहन होत नाही हेच मूळ आहे. आमच्या वेळी...

माईंची_लेक
दादरकर काका, तुमच्या वेळी सहन करून ज्या गेल्या त्यांना कुणी विचारलं होतं का? हा धागा त्या मुलीला मदत व्हावी म्हणून आहे.

फुरसुंगीकर
काका चुकीचं बोलले पण खोट्या ४९८ अ (सासरच्या छळाचं कलम) बद्दल कुणी बोलणार आहे का? आता त्याचं कलम ८५ झालं भारतीय न्याय संहितेत, पण वापर तोच...

अवकाळी
आणि खऱ्या केसेस किती दाबल्या जातात त्याचं काय? हुंड्यासाठी...

संपादक_मंडळ
४९८ अ वर दोन धागे आधीच आहेत, तिथे बोला. इथे ताबा आणि फॅमिली कोर्ट एवढंच. यापुढचे अवांतर प्रतिसाद उडवले जातील.

निवृत्त_काकू
मी फॅमिली कोर्टात विवाह समुपदेशक म्हणून अनेक वर्षं काम केलं, आता निवृत्त आहे. रानजाई, तुझ्या मुलाच्या वयाची कितीतरी मुलं माझ्या टेबलासमोर बसून गेलीत म्हणून अगदी मोकळेपणी सांगते.

पहिल्या एक-दोन तारखांनंतर केस समुपदेशकाकडे येतेच. १९८४ च्या फॅमिली कोर्ट कायद्याने कोर्टावर आधी समेटाचा प्रयत्न करायची जबाबदारीच टाकलीय. लोकांना वाटतं समेट म्हणजे परत एकत्र नांदायला लावणार. तसं नाही ग. वेगळं होण्यातही समेट असतो, मुलाचं कसं करायचं, सुट्ट्यांचं कसं, खर्चाचं कसं. आमच्या खोलीत वकील नसतात, तुम्ही दोघं आणि समुपदेशक. तिथे जे बोलाल ते गुप्त असतं, पुराव्यात वापरता येत नाही. म्हणून तिथे बचावाचं भाषण करू नकोस, आणि त्यालाही म्हणावं करू नको. मुलाच्या दिवसाचं वेळापत्रक घेऊन जा कागदावर. सकाळी किती वाजता उठतो, शाळा कधी, पोहायला कधी जातो, काय खात नाही. ज्या पालकांकडे हा कागद असायचा त्यांचं काम लवकर व्हायचं, कारण मग भांडण कुणाचं बरोबर यावर न होता गुरुवारच्या पोहण्यावर व्हायचं, आणि ते सुटायचं.

मुलाला कोर्टात न्यावं लागतं का? म्युच्युअल झालं तर सहसा नाही. ताब्याचा वाद उभा राहिला तर न्यायाधीश किंवा समुपदेशक त्याच्याशी एकट्याने बोलू शकतात. मूल स्वतःचं मत बनवण्याइतकं मोठं असेल तर त्याची पसंती विचारात घ्यावी असं १८९० च्या कायद्यात आहे, वय लिहिलेलं नाही. साडेसहा वर्षांच्या मुलाला तुला कोण हवं असं थेट विचारणारे न्यायाधीश मी क्वचित पाहिले. मित्र कोण, गणपतीत काय केलंस, ताप आला तर कोण जवळ बसतं, असंच विचारतात. आणि शिकवून आणलेलं मूल पाच मिनिटांत ओळखू येतं. "माझे वडील बेजबाबदार आहेत" असं वाक्य सहा वर्षांचं पोर बोलत नाही.

अर्धविराम
काकूंचं शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायचं ठरवलं. मी दुसऱ्या बाजूचा आहे, म्हणजे ते मूल. आईबाबा वेगळे झाले तेव्हा मी चौथीत होतो, विदर्भातल्या एका शहरात. आता माझं लग्न झालंय.

न्यायाधीश बाईंनी मला चेंबरमध्ये बोलावलं होतं. आदल्या रात्री आजीने माझ्याकडून वाक्यं पाठ करून घेतली होती. बाईंनी विचारलं सकाळी काय खाल्लंस. ते पाठांतरात नव्हतं. मी म्हटलं पोहे, मग त्या म्हणाल्या कुणी केले, मी म्हटलं आज्जीने, मग म्हणाल्या बाबा करतात का कधी, आणि मी मनापासून सांगितलं की बाबा अंडाभुर्जी एक नंबर करतात पण कांदा कापताना रडतात. त्या हसल्या आणि मीही. मला काय बोलायचं होतं ते नंतर आठवलं, तोवर शिपाई दार उघडून उभा होता.

कोर्टातलं मला फारसं लागलं नाही. लागलं ते घरातलं. बाबांकडून परत आलो की आई आणि आजी समोर बसायच्या, काय खायला दिलं, घरी कोण आलं होतं, माझ्याबद्दल काय बोलला. तिकडे गेलो की तेच. मी दोन्हीकडे वेगवेगळं सांगायला शिकलो. अजून ती सवय जात नाही, बायको कुठे गेला होतास विचारते तर आधी मनात ठरवतो किती सांगायचं. रानजाई ताई, एवढंच करा, मुलगा बाबांकडून आला की फक्त "भूक लागलीय का" विचारा. त्याला सांगायचं असेल ते तो आपणहून सांगेल.

आणि दोन्ही घरी कंपासपेटी, दोन्ही घरी चपला, दोन्ही घरी ब्रश. माझी भूमितीची वही नेमकी दुसऱ्या घरी असायची आणि सर ओरडायचे, आणि का नाही आणली ते वर्गात सांगता यायचं नाही.

शनिवारचा_बाबा
आत्ताच उठून लेकीच्या खोलीत बघून आलो, कंपासपेटी आहे. चपला नाहीत. उद्या आणतो. धन्यवाद अर्धविराम.

ऑस्टिनकर
इथे टेक्सासमध्ये कायद्यातच एक ठरलेला आराखडा आहे, स्टँडर्ड पझेशन ऑर्डर म्हणतात. दोघांचं काही जमलं नाही तर तो लागू. महिन्याचा पहिला, तिसरा, पाचवा वीकेंड, शाळा चालू असताना गुरुवारची संध्याकाळ, उन्हाळ्यात तीस दिवस, सण आलटून पालटून, कुठल्या वर्षी कुणाकडे हेसुद्धा सम-विषम वर्षांवर ठरलेलं. भांडणाला जागा कमी राहते. आपल्याकडच्या ऑर्डरीत "वाजवी भेट" एवढंच लिहिलेलं मी एका मित्राच्या बाबतीत पाहिलं, आता वाजवी म्हणजे काय यावर पुढची वर्षानुवर्षं भांडा.

दुसरं, परदेशातल्या मराठी लोकांसाठी. भांडण झालं म्हणून मूल घेऊन सरळ भारतात निघून जाणं किंवा सुट्टीला आणून परत न पाठवणं, हे करण्याआधी दहा वेळा विचार करा. दुसऱ्या देशात नेलेलं मूल परत पाठवण्याबद्दलच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही, त्यामुळे मूल परत मिळवायला बाहेरच्या पालकाला भारतातल्या कोर्टात जावं लागतं. २०१७ च्या नित्या आनंद राघवन निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की परदेशी कोर्टाचा आदेश हा विचारात घ्यायचा एक मुद्दा, अंतिम कसोटी मुलाच्या हिताचीच. म्हणजे निकाल काय लागेल कुणीच आधी सांगू शकत नाही, आणि दरम्यान इथे तुमच्यावर केस उभी राहते ती वेगळीच.

अवकाळी
पासपोर्टचंही लिहा कुणीतरी. मुलीचा रिन्यू करायला गेले तर दोघांच्या सहीचं घोषणापत्र मागितलं.

काळाकोट
दोघांच्या संमतीचं परिशिष्ट डी. एकाची सही मिळत नसेल किंवा वेगळे राहत असाल तर एकट्या पालकासाठी परिशिष्ट सी असतं, त्यात कारण लिहायचं, कोर्टाचा आदेश असेल तर जोडायचा. पण कन्सेंट टर्म्स करतानाच पासपोर्टचं एक कलम घाला, म्हणजे ही पाळीच येत नाही.

आता रानजाईंच्या "बाकी नंतर बघू" वर येते, कारण धाग्याचा खरा प्रश्न तोच आहे आणि तो मागे पडलाय.

सही करू नका. नवऱ्याचा हेतू चांगला असेल, तरी करू नका. दोन वर्षांनी तो किंवा तुम्ही दुसरं लग्न कराल, कुणाची बदली होईल, सासूबाई आजारी पडतील, तेव्हा आठवणारं कुणी नसतं, फक्त कागद असतो. कागदावर असायला हव्यात अशा गोष्टी मी माझ्या पक्षकारांना सांगते त्या अशा: भेट कुठल्या वारी, किती ते किती, मुलाला न्यायचं-आणायचं कुणी आणि कुठून (नाशिक-पुणे असल्यामुळे हे फार महत्त्वाचं, रस्ता पाच तासांवर जातो कधी कधी), रात्रीचा मुक्काम कधीपासून, मे महिन्याची सुट्टी कशी विभागायची, दिवाळीत लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज कुणाकडे, गणपती, वाढदिवस. व्हिडिओ कॉलची वेळ लिहा, २०२० मध्ये यशिता साहू केसमध्ये सुप्रीम कोर्टाने भेटीबरोबर अशा संपर्काचाही हक्क मान्य केलाय. शाळेत दोघांचे नंबर, निकाल दोघांना, पालकसभेला दोघांना जाता येईल. फी कोण भरणार आणि दरवर्षी किती टक्के वाढ धरायची. मोठं आजारपण आलं तर दोघांना कळवायचं. शहर बदलायचं तर आधी किती दिवस नोटीस. आजी-आजोबांची भेट. मुलाचा पोटगीचा हक्क सोडून दिला असं वाक्य कुणी घुसवलं तर मान्य करू नका, तो हक्क तुमचा नाही, त्याचा आहे.

तुम्ही दीड वर्ष वेगळे राहताय म्हणून आणखी एक. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब मध्ये, म्हणजे म्युच्युअलमध्ये, दोन अर्जांच्या मध्ये सहा महिने थांबावं लागतं, पण २०१७ च्या अमरदीप सिंग निकालापासून, वेगळं राहून दीड वर्ष झालं असेल आणि ताबा, पोटगी सगळं खरोखर मिटलेलं असेल तर तो काळ माफ करून मागता येतो. सगळं मिटलेलं असलं तर. "नंतर बघू" लिहिलंत की हेही अडकतं.

गावकुस
वकिलाची फी परवडत नसेल त्यांच्यासाठी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस जिल्हा कोर्टाच्या आवारातच असतं. बाईला आणि मुलाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००. माझ्या भाचीला तिथून मिळालेल्या वकीलबाईंनी फार चांगलं काम केलं. आणि ई-कोर्ट्सचं अॅप घ्या, सीएनआर नंबर (केसचा ओळख क्रमांक) टाकला की पुढची तारीख आणि कशासाठी ठेवलीय ते दिसतं, दर वेळी वकिलांना फोन करावा लागत नाही.

चहाटळ
सणांच्या वाटणीवरून आठवलं, आमच्या सोसायटीतल्या एका पोराचा दीड दिवसाचा गणपती आईकडे आणि गौरीचं जेवण बाबांकडे असतं. तो सगळ्यांना सांगत फिरतो, तुम्हाला एकदाच मोदक मिळतात.

रानजाई
सगळ्यांचे खूप आभार. बरेच दिवस लिहिलं नाही, पण एकेक प्रतिसाद वाचत होते, काही प्रिंट काढून आईला दिले.

कळवायचं हे की तो रविवारी येऊन गेला. पुढेही येतोय. समुपदेशकांसमोर एकदा बसलो, काकू, वेळापत्रकाचा कागद नेला होता, त्यानेही खिशातून एक कागद काढला, त्यावर त्याने मुलाच्या शाळेपर्यंत चालत जाता येईल अशा नाशिकच्या लॉजची नावं लिहिली होती. त्या दिवशी बरंच बोलणं झालं. म्युच्युअलमध्ये बदलायचं ठरतंय, टर्म्सचा मसुदा दोन्ही वकील बघतायत, काळाकोट ताईंची यादी समोर ठेवूनच बसलोय.

एक अडलंय. गणपतीत सासरी पुण्याला मुलाला पाच दिवस न्यायचं म्हणतोय. सासूबाईंचं हे बहुधा शेवटचं वर्ष असेल, तब्येत बरी नाही. माझी पाठवायची इच्छा आहे. पण ताब्याचा कसलाच आदेश अजून नाही आणि माझे वकील म्हणतात ऑर्डर नसताना मूल त्याच्या शहरात पाठवू नका, तिथेच ठेवून घेतलं तर? काय करू?

फुरसुंगीकर
पाठवा. आजीला नातू दिसला पाहिजे.

काळाकोट
वकिलांची शंका रास्त आहे आणि तुमची इच्छाही. दोन्हीची सोय होते. गणपतीच्या आधी जी तारीख आहे त्या दिवशी दोघांच्या सह्यांची पुरसिस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) दाखल करा. अमुक तारखेला सकाळी वडील मुलाला नाशिकहून नेतील, अमुक तारखेला संध्याकाळी सहापर्यंत नाशिकच्या घरी आणून पोचवतील, रोज रात्री आठला आईशी फोन, आणि या व्यवस्थेने दोघांच्या मूळ म्हणण्याला बाधा येत नाही. कोर्ट ती रेकॉर्डवर घेतं. मध्ये तारीख नसेल तर तेवढ्यासाठी तारीख अलीकडे घ्यायचा अर्ज करता येतो. परतीची तारीख आणि वेळ लिहायला विसरू नका, नुसतं "गणपतीनंतर" नको. तो सही करायला तयार आहे का ते आधी विचारा, त्यावरून तुम्हालाही बरंच कळेल.

रानजाई
विचारलं. तयार आहे. बावीसची तारीख आहे, त्याच दिवशी देतो.

अर्धविराम
बॅग भरताना त्याची स्वतःची उशी द्या ताई, आणि गृहपाठाची वही आत टाकलीय हे बाबांनाही सांगून ठेवा.